हळकुंड, शिखर आणि आरसा: सबडिव्हिजन पृष्ठभागांची पन्नास वर्षे

वसमतच्या बाजारात पोत्यांनी येणारी हळद, औंढा नागनाथचे यादवकालीन देऊळ आणि औंढा तालुक्यातच उभी राहत असलेली लायगो-इंडिया वेधशाळा. हिंगोली जिल्ह्याची ओळख सांगताना ही तीन नावे हमखास येतात. हळदीचा कंद, देवळाचे शिखर आणि वेधशाळेचा आरसा या तिन्ही वस्तूंचे आकार संगणकात घडवायचे ठरवले, तर तिन्हींना एकच गणित पुरेल का? भौमितिक मॉडेलिंगमध्ये गेली पन्नास वर्षे चाललेला एक वाद या प्रश्नात सामावलेला आहे. त्या वादातला एक पक्ष म्हणजे सबडिव्हिजन पृष्ठभाग. एक ओबडधोबड जाळी घ्यायची, ठरलेल्या नियमाने तिचे पुन्हा पुन्हा विभाजन करायचे आणि शेवटी तिचा गुळगुळीत पृष्ठभाग होऊ द्यायचा, ही त्यामागची कल्पना. चित्रपटांच्या दुनियेत तिने निर्विवाद राज्य मिळवले. मोटारींच्या कारखान्यात मात्र ती आजही पाहुणीच आहे. असे का झाले, हे पाहायचे आहे.

सोप्यापासून सुरुवात करू. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोचा मुख्य आरसा 34 सेंटिमीटर व्यासाचा, 20 सेंटिमीटर जाडीचा आणि 40 किलो वजनाचा आहे. तो सपाट दिसतो, पण सपाट नसतो. सुमारे 2 किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचा तो एक तुकडा आहे. हिशेब केला तर कडेपासून मध्यापर्यंतची खोली सुमारे 7 मायक्रॉन भरते, आणि घासून तयार झालेला पृष्ठभाग मधल्या भागात आदर्श आकारापासून नॅनोमीटरच्या अंशानेच ढळतो. फेब्रुवारी 2016मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल 2023मध्ये 2600 कोटी रुपयांसह अंतिम मंजुरी मिळालेल्या लायगो-इंडियाच्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्येही अशाच अचूकतेची गरज आहे. घडवायला महाकठीण असलेली ही वस्तू वर्णन करायला अगदीच सोपी आहे, कारण त्रिज्येचा एक आकडा सांगितला की आकार संपला. गंमत म्हणजे सबडिव्हिजनचे प्रचलित नियम हा सोपा आकार कधीच तंतोतंत देऊ शकत नाहीत. त्यांच्यातून बहुपदींचे तुकडे निघतात, आणि बहुपदीने गोल अचूक लिहिता येत नाही. त्यासाठी दोन बहुपदींचा भागाकार लागतो. कॅडच्या, म्हणजे संगणकावरच्या आरेखनाच्या, जगात सर्वत्र वापरले जाणारे नर्ब्स पृष्ठभाग नेमके तेच करतात.

शिखराचेही काहीसे असेच. नागर शैलीतल्या शिखराची बाहेरची रेखा कशी आखायची याचे नियम शिल्पग्रंथांत आहेत. तळाची रुंदी दहा भाग, वरच्या स्कंधाची सहा भाग आणि दोन्हींना जोडणारी रेखा तळाच्या चौपट लांबीच्या सूत्राने, म्हणजे दोरीने, ओढायची. त्याला चतुर्गुण सूत्र म्हणतात. पायथागोरसचा नियम वापरून कोणीही पडताळून पाहावे: त्रिज्या 40, आत सरकायचे अंतर 2, तर उंची येते 1600 वजा 1444चे वर्गमूळ, म्हणजे जवळपास साडेबारा. तळाच्या सव्वापट! सूत्रधाराने दोरी आणि खुंटी घेऊन काढलेला हा वर्तुळखंडच आहे. औंढ्याला तो तपासता येत नाही, कारण तिथला खालचा दगडी भाग यादवकाळातला असला तरी वरचे बांधकाम नंतरचे आहे. पण औंढ्याच्या खालच्या भागात दुसरी अडचण आहे. हेमाडपंती भिंत सरळ जात नाही. ती कोनाकोनांनी पुढे-मागे सरकते, थरांवर थर चढतात आणि प्रत्येक थराची धार स्पष्ट असते. गुळगुळीत पृष्ठभाग देणाऱ्या कुठल्याही पद्धतीची इथे परीक्षा लागते, कारण जिथे धार आहे तिथे ती धारच राहिली पाहिजे.

आणि मग हळद. मधला जेठा गड्डा, त्याला फुटलेली बोटे, बोटांना फुटलेली लहान बोटे, प्रत्येकावर पेऱ्यांची वलये. दोन कंद एकसारखे नसतात. इथे त्रिज्या नाही, सूत्र नाही, खुंटीही नाही. सबडिव्हिजनचा जन्म अशाच आकारांसाठी झाला.

जन्माआधीची परिस्थिती थोडक्यात सांगतो. 1959च्या सुमारास सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो आणि नंतर रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी मोटारींच्या पत्र्यासाठी नियंत्रण बिंदूंनी वळणारे वक्र बांधले. या वक्रांपासून पृष्ठभाग करायचा तर तो आडव्या-उभ्या ओळींच्या चौकोनी ठिगळांचा होतो, ताणलेल्या कापडासारखा. बॉनेटला तो छान बसतो. फांद्या फुटणाऱ्या वस्तूला बसत नाही. ठिगळे जोडावी लागतात, आणि वस्तू हलू लागली की सांधे उघडे पडतात.

1974मध्ये जॉर्ज चेकिन यांनी वक्र काढण्याची एक विलक्षण सोपी रीत दिली. तुटक रेषांची आकृती घ्या. प्रत्येक रेषाखंडावर पाव आणि पाऊण अंतरावर बिंदू घ्या आणि मधला कोपरा कापून टाका. पुन्हा कापा. पुन्हा कापा. शेवटी जो वक्र उरतो तो कुणी नवा अनोळखी प्राणी नसून आधीपासून माहीत असलेला द्विघाती बी-स्प्लाइन, म्हणजे बहुपदींचे तुकडे सलग जोडून केलेला वक्रच आहे, हे रिचर्ड रीझनफेल्ड यांनी लगेच 1975मध्ये दाखवले. कोपरे कापण्याचा अभ्यास स्विस गणिती जॉर्ज द राम यांनी 1947मध्येच केला होता, पण संगणकवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता. गणितात असे वारंवार होते.

वक्रावर जमले ते पृष्ठभागावर नेण्याचे काम 1978मध्ये झाले, तेही दोन ठिकाणी एकाच वेळी. 'कॉम्प्युटर-एडेड डिझाइन' या नियतकालिकाच्या एकाच अंकात एडविन कॅटमल आणि जेम्स क्लार्क यांचा निबंध छापला गेला, आणि त्याला लागूनच डॅनियल डू आणि माल्कम सॅबिन यांचा. पहिल्या जोडीतले कॅटमल पुढे पिक्सारचे प्रमुख झाले, तर क्लार्क यांनी सिलिकॉन ग्राफिक्स आणि नंतर नेटस्केप उभी केली. या विषयातला सर्वांत श्रीमंत निबंध कोणता, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे.

कॅटमल-क्लार्कचा नियम हाताने करून पाहण्याजोगा आहे. प्रत्येक फलकाच्या मध्यावर एक बिंदू ठेवायचा. प्रत्येक कडेसाठी एक बिंदू: तिची दोन टोके आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या फलकांचे मध्य, या चौघांची सरासरी. जुना शिरोबिंदू मात्र हलवायचा. त्याच्यापाशी n कडा मिळत असतील, तर भोवतालच्या फलकमध्यांची सरासरी एकदा, कडांच्या मध्यांची सरासरी दोनदा आणि तो स्वतः (n−3) वेळा, अशी बेरीज करून n ने भागायचे. घनाच्या कोपऱ्यात तीनच कडा मिळतात, म्हणून तिथे त्याच्या स्वतःच्या मताला थेट वजन शून्य. 2 बाजूचा घन घ्या, केंद्र मध्यात. (1, 1, 1) हा कोपरा पहिल्याच फेरीत (5/9, 5/9, 5/9) वर येतो. सहा फलकांचे 24 होतात, मग 96, मग 384.

अशा अनंत फेऱ्यांनंतर घनाचा गोल होतो, असे बहुतेक नवशिके धरून चालतात. होत नाही. प्रत्येक बिंदू शेवटी कुठे पोचेल याचे सूत्र आहे, त्यामुळे अनंत फेऱ्या कराव्या लागत नाहीत. कोपऱ्याचा बिंदू (1/2, 1/2, 1/2) वर स्थिरावतो, म्हणजे केंद्रापासून सुमारे 0.866 अंतरावर. कडेचा मध्य सुमारे 0.862 वर थांबतो आणि फलकाचा मध्य सुमारे 0.840 वर. डोळ्याला गोल, मोजपट्टीला नाही. फरक तीन टक्क्यांचा. चित्रपटाला हे चालते. ज्या आरशाची अचूकता नॅनोमीटरच्या अंशात मोजली जाते, त्याच्यापाशी याचे नावही काढू नये.

या नियमाचे खरे बळ दुसरीकडे आहे. पहिल्या फेरीनंतर सगळे फलक चौकोनी होतात, आणि जिथे चार कडा मिळतात तो भाग थेट त्रिघाती बी-स्प्लाइन असतो. तिथे स्पर्शप्रतल आणि वक्रता दोन्ही अखंड. चारऐवजी तीन, पाच किंवा सहा कडा जिथे मिळतात त्या बिंदूंना असाधारण बिंदू म्हणतात. फेऱ्या कितीही करा, पहिल्या फेरीनंतर त्यांची संख्या वाढत नाही. ते एकमेकांपासून वेगळे पडत जातात.

ते टाळता येतील का? ऑयलरच्या सूत्राने उत्तर दिलेले आहे. आरपार भोक नसलेल्या कुठल्याही बंद चौकोनी जाळीत प्रत्येक शिरोबिंदूपाशी 4 वजा कडांची संख्या मांडली आणि सगळ्यांची बेरीज केली, तर ती नेमकी 8 येते. घनाचे आठ कोपरे, प्रत्येकी 1. आता हळदीच्या गड्ड्याला बोट फुटवू. मॉडेलिंग करणारा जाळीतला एक चौकोन निवडतो आणि तो बाहेर ओढतो. रोजच्या भाषेत एक्स्ट्रूड करतो. बोटाच्या टोकाला तीन कडांचे चार बिंदू जन्मतात, बुडाशी असलेल्या चार बिंदूंना एकेक कड जास्त मिळून त्यांच्या पाच होतात. अधिक 4, वजा 4. बेरीज 8 ती 8. मात्र प्रत्येक बोटामागे आठ नवे असाधारण बिंदू आले. कंदाला जितकी बोटे तितकी त्यांची गर्दी. फांद्या असलेल्या आकारात त्यांच्यापासून सुटका नाही, हा गणिताचा नियम आहे, कुणा प्रोग्रॅमरचा आळस नाही. म्हणून या विषयातले जवळजवळ सगळे गंभीर संशोधन याच मोजक्या बिंदूंभोवती फिरते.

1978 ते 1998 या वीस वर्षांत कल्पना पुढे सरकली, पण संथपणे. चार्ल्स लूप यांनी 1987मध्ये यूटा विद्यापीठातल्या आपल्या मास्टर्स प्रबंधात त्रिकोणी जाळ्यांसाठी नियम दिला. नीरा डिन, जॉन ग्रेगरी आणि डेव्हिड लेव्हिन यांनी 1990मध्ये मूळ बिंदू न हलवणारी बटरफ्लाय पद्धत दिली. त्यात पृष्ठभाग दिलेल्या बिंदूंमधून जातो, पण थरथरल्यासारख्या लाटा उमटतात, आणि माझ्या मते म्हणूनच ती वर्गात जास्त आणि कामात कमी दिसते. नर्ब्सच्या दरबारात या सगळ्याला जागा नव्हती.

चित्र पालटले ते एका म्हाताऱ्यामुळे. पिक्सारचा 'गेरीज गेम' हा लघुपट 1997चा. बागेत बसून स्वतःशीच बुद्धिबळ खेळणारा गेरी, त्याच्या चेहऱ्याच्या सुरकुत्या, हात, अंगावरचा कोट. त्याआधीच्या 'टॉय स्टोरी'त ठिगळांचे सांधे लपवताना कलाकारांची दमछाक झाली होती. गेरीला सांधाच नव्हता. टोनी डीरोझ, मायकेल कास आणि टीन ट्रुआँग यांनी 1998मध्ये त्यामागचे तंत्र जाहीर केले. त्यातली सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे अर्धवट धार. पहिल्या काही फेऱ्यांत कड तीक्ष्ण ठेवणारा नियम लावायचा आणि नंतर गुळगुळीत करणारा. नखाची कड, ओठाची रेघ, हळकुंडाच्या पेऱ्यावरचे वलय: निसर्गातल्या धारा अशाच असतात, पूर्ण तीक्ष्णही नाहीत आणि पूर्ण बोथटही नाहीत.

त्याच वर्षी योस स्टाम यांनी दाखवले की कॅटमल-क्लार्क पृष्ठभागावरचा कुठलाही बिंदू, असाधारण बिंदूच्या अगदी जवळचासुद्धा, फेऱ्या न करता थेट सूत्राने काढता येतो. तोवर सबडिव्हिजनला सूत्र नाही, असा जो आक्षेप होता तो त्या दिवशी निकालात निघाला. कॅटमल, डीरोझ आणि स्टाम यांना 2006मध्ये ऑस्करच्या तंत्रविभागाचे पारितोषिक मिळाले. 2012मध्ये पिक्सारने आपली ओपनसबडिव्ह ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. आज ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात एका बटणावर तेच गणित असते. चित्रपट, खेळ आणि जाहिराती यांच्यापुरता वाद इथेच संपला.

कारखान्यात तो संपला नाही. मोटारीच्या दारावर आजूबाजूच्या दिव्यांच्या पट्ट्या उमटतात, आणि त्या पट्ट्या कुठेही मोडता किंवा थरथरता कामा नयेत असा डिझायनरचा आग्रह असतो. पट्टी नीट वाहायची तर नुसते स्पर्शप्रतल अखंड असून भागत नाही, वक्रताही अखंड लागते. कॅटमल-क्लार्क असाधारण बिंदूपाशी नेमके तिथेच कच खातो. स्पर्शप्रतल जुळते, पण वक्रता सर्वसाधारणपणे अमर्याद वाढत जाते. उलरिश राइफ यांनी 1995मध्ये या बिंदूंपाशी गुळगुळीतपणा कधी मिळतो याची पक्की कसोटी दिली, आणि 1996मध्ये एक कटू निष्कर्षही: ठरावीक नियमाच्या, बहुपदी पद्धतीने वक्रता अखंड हवी असेल आणि तो बिंदू बळेच सपाट करायचा नसेल, तर दोन्ही दिशांना किमान सहाव्या घाताचे तुकडे लागतील. तिसऱ्या घाताच्या सुटसुटीतपणावर जी इमारत उभी होती तिला हे परवडणारे नव्हते. यॉर्ग पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाटा काढल्या आहेत, पण त्यांत कॅटमल-क्लार्कचा साधेपणा उरत नाही.

वक्रतेपेक्षाही मोठी अडचण मला देवाणघेवाणीची वाटते. तिच्याविषयी कमी बोलले जाते. असाधारण बिंदूभोवती तुकड्यांची वलये लहान लहान होत अनंतापर्यंत जातात. फाइलमध्ये मात्र मोजकेच तुकडे लिहिता येतात. पुरवठादार, साचे बनवणारा, सीएनसी मशीन चालवणारा, तपासणी करणारा हे सगळे नर्ब्सच्या भाषेत बोलतात. मग सबडिव्हिजनचे नर्ब्समध्ये रूपांतर करावे लागते, आणि ते त्या बिंदूपाशी अंदाजानेच होते. उलट दिशेनेही प्रयत्न झाले. टॉम सेडरबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1998मध्ये असमान अंतरांचे सबडिव्हिजन आणि 2003मध्ये टी-स्प्लाइन मांडले. ते तंत्र बनवणारी कंपनी 2011मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतली. 2009मध्ये थॉमस कॅशमन आणि सहकाऱ्यांनी नर्ब्सलाच असाधारण बिंदू पचवायला शिकवले.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध कागदोपत्री नाही, रोजच्या कामाचा आहे. गोदरेज समूहातून निघालेल्या जिऑमेट्रिक या कंपनीने पुण्या-मुंबईत कॅड सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची पिढी घडवली. दासो सिस्टिम्सबरोबर तिने 2002मध्ये पुण्यात संयुक्त कंपनी काढली. आयआयटी मुंबईत मिलिंद सोहोनी आणि भरत अडसूळ यांनी विद्यार्थ्यांसह, एखादी घन वस्तू फिरत-सरकत गेली तर ती जी जागा व्यापते तिच्या सीमेचा पृष्ठभाग कसा काढायचा, यावर काम केले आहे. हत्यार धातू कसे कापत जाईल, हाच तो प्रश्न. मोठ्या कॅड प्रणालींनीही तडजोड केली आहे. कॅटियातले 'इमॅजिन अँड शेप' आणि सीमेन्स एनएक्समधले 'रिअलाइझ शेप' सबडिव्हिजनवर चालतात. राइनोने 2020च्या अखेरीस सातव्या आवृत्तीत ते आणले. पण काम वाटून दिलेले आहे: कल्पनाचित्र सबडिव्हिजनने घडवायचे, अंतिम पत्रा नर्ब्सने. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते, कायमची मात्र नाही.

कायमची न वाटण्याचे कारण म्हणजे तिसरे क्षेत्र, ताकदीचे गणित. पत्र्यावर भार पडला तर तो किती वाकेल, हे काढताना अभियंता आजही गुळगुळीत आकार मोडून त्याची तुकड्यांची नवी जाळी करतो. फेहमी चिराक, मायकेल ऑर्टिझ आणि पीटर श्रोडर यांनी 2000 साली पातळ कवचांचे विश्लेषण थेट लूपच्या सबडिव्हिजनवर केले. 2005मध्ये टॉम ह्यूज आणि सहकाऱ्यांनी हीच दिशा नर्ब्ससाठी व्यापक केली. आकार आणि विश्लेषण दोन्हींना एकच जाळी, हे त्यांचे म्हणणे. फांद्यांच्या, भोकांच्या, गुंतागुंतीच्या सुट्या भागांसाठी ते पूर्णपणे जमले, तर कारखान्याला सबडिव्हिजन नाकारणे अवघड जाईल. अडचण पुन्हा त्याच बिंदूंची आहे: तिथे उत्तर हवे तितक्या वेगाने अचूक होत नाही.

आता औंढ्याचे देऊळ. जुन्या वास्तूंचे लेसर स्कॅनिंग आता नेहमीचे झाले आहे. स्कॅनमधून लाखो बिंदू आणि त्यांची दाट त्रिकोणी जाळी मिळते. ही जाळी जड असते, धारा तिच्यात बोथट होतात आणि दगडाचा खडबडीतपणा व यंत्राची चूक एकमेकांत मिसळतात. ह्यूग हॉप आणि सहकाऱ्यांनी 1994मध्येच स्कॅनच्या बिंदूंवर धारा जपणारा सबडिव्हिजन पृष्ठभाग बसवून दाखवला होता. हेमाडपंती थरांसाठी याहून नेमकी पद्धत सुचणे कठीण. शेकडो चौकोनांची जाळी, धारांच्या खुणा आणि वरून बारीक कोरीव कामाचा वेगळा थर, एवढ्यात सबंध भिंत साठवता येईल. मराठवाड्यात असे दस्तावेजीकरण हाती घेणाऱ्या प्रत्येकाला एवढेच सुचवेन की नुसते बिंदू साठवून थांबू नका. धार कुठे आहे हे माणसाने ठरवून नोंदवा, कारण यंत्राला कोपरा आणि झीज यांतला फरक कळत नाही.

आणि जे शिकवतात त्यांच्यासाठी. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत बेझिए आणि बी-स्प्लाइन येतात, सबडिव्हिजन मात्र बहुधा 'सॉफ्टवेअरमध्ये पाहा' म्हणून सोडून दिले जाते. विद्यार्थ्याने बटण दाबण्याआधी घनाचा एक कोपरा कागदावर 5/9 पर्यंत आणावा, मग एक बोट ओढून असाधारण बिंदू मोजावेत. त्याला लागणारे गणित दहावीच्या पुढचे नाही. कॅटमल आणि क्लार्क यांचा मूळ निबंध सहा पानांचा आहे, तो वर्गात वाचून घ्यावा.